पहिला मोहोर खुडणारे रावसाहेब

मंगळवारी अकरा वाजता पोस्टमन तार घेऊन आला. माझे यजमान मुंबईला इस्पितळात वारले होते. मुलगी अंगणात खेळत होती. मी तिला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

आम्ही तेव्हा महाडात भाड्याने राहत होतो. यजमान तिथल्या इंग्रजी शाळेत शिक्षक होते. घर बाजारपेठेच्या मागच्या आळीत, नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर. पुढच्या दोन खोल्या घरमालकांच्या, मागच्या दोन आमच्या, आणि मधे सामाईक पडवी. चार वर्षं त्या घरात राहूनही घरमालकांशी माझं कधी बोलणं झालं नव्हतं. भाडं यजमान देत. पडवीतून जाताना मी पदर सावरून बाजूला होई आणि ते छत्री टेकत निघून जात, एवढाच परिचय.

तेरावा झाला. चौदाव्या दिवशी घरमालक पडवीत येऊन खांबाशी उभे राहिले आणि घसा साफ करून म्हणाले, "बाई, पैसे किती आहेत ते मला सांगू नका. कधी लागणार आहेत, तेवढं सांगा."

मला वाटलं, भाड्याचं विचारताहेत. मी म्हटलं, "पहिल्या तारखेला देते."

"भाडं नव्हे. मास्तरांच्या विम्याचे आणि फंडाचे जे येतील, ते. ते कधी लागणार?"

नवरा जाऊन पुरता पंधरवडा झाला नव्हता, आणि हा परका माणूस दाराशी उभा राहून त्याच्या विम्याबद्दल विचारत होता. मी आत गेले. थोड्या वेळाने दाराबाहेरून त्यांचा आवाज आला. "घाई नाही. पण उत्तर सापडेपर्यंत कुठे सही करू नका."

गाव त्यांना तोंडावर रावसाहेब म्हणे आणि पाठीमागे इन्कमट्याक्स. रावसाहेब ही पदवी त्यांना कुणी दिलेली नव्हती. मुंबईला आयकराच्या कचेरीत त्यांनी सगळी नोकरी कारकून म्हणून केली आणि पेन्शन घेऊन ते गावी आले. घरात एकटेच. अंगात बारा महिने काळा कोट. त्याच्या उजव्या खिशात छापील फॉर्म आणि डाव्या खिशात पेनचाकू. या चाकूने ते पेन्सिलीला सुईसारखं टोक काढत, सुपारी कातरत आणि झाडांची कलमंही बांधत. कोणताही कागद आधी पेन्सिलीने लिहायचा, एक रात्र उशाशी ठेवायचा, सकाळी पुन्हा वाचायचा आणि मग शाईने लिहायचा. साधं पोस्टकार्डसुद्धा असंच.

सरकारच्या अंदाजपत्रकाचा मजकूर असलेलं वर्तमानपत्र महाडात दोनतीन दिवस उशिरा येई. त्या दिवशी रावसाहेब आंघोळ करून, कोट घालून, ओट्यावर उभ्याने ते वाचत. बसत नसत. वाचताना मधूनच "हं" म्हणत. त्यांचे "हं" दोन प्रकारचे असत, आणि काही वर्षांनी मला ते भिंतीआडूनही ओळखू येऊ लागले. एका "हं"चा अर्थ गरिबाला सूट मिळाली आणि दुसऱ्याचा अर्थ गेली.

बाजारपेठेत ते दिसले की व्यापारी समोरच्या बाजूला जात. ज्या माणसाने सारं आयुष्य कर वसूल करण्यात घालवलं तो आता गावात फुकट का हिंडतो, याचं उत्तर बाजारपेठेने आपल्यापुरतं काढलं होतं. सरकारने त्यांना पेन्शनीच्या नावाखाली हेर म्हणून ठेवलंय, असं लोक बोलत. रावसाहेब मात्र लोकांना कर कमी कसा भरावा हे शिकवायला निघाले होते. रस्त्यात भेटणाऱ्या माणसाला ते "बरं आहे ना" असं विचारत नसत. "फॉर्म भरलात का?" असं विचारत.

"तुम्ही कोणाच्या बाजूचे?" एका किराणावाल्याने त्यांना एकदा विचारलं.

"कायद्याच्या. त्यात तुमच्या सोयीचंही पुष्कळ लिहिलेलं असतं. कुणी वाचत नाही, एवढंच."

विम्याचे आणि फंडाचे मिळून तीन हजारांवर काहीतरी आले. माझे धाकटे दीर बाजारपेठेत भाताचा आणि हिरड्याचा व्यापार करीत. माणूस वाईट नव्हता. तेरा दिवसांचा सगळा खर्च त्यांनी केला होता आणि पुढे कधी तो बोलून दाखवला नाही. ते एका सकाळी आले.

"वहिनी, घरचा पैसा घरात राहू दे. दुकानात घाला. तुम्हांला भागीदार करून घेतो. नफा दोन नावांवर पडला की माझाही कर वाचेल. तुम्हांला तर कर लागतच नाही."

मला त्यात वावगं काही दिसलं नाही. तरी दाराबाहेरून ऐकलेलं ते वाक्य मनात होतं. संध्याकाळी मी पडवीत जाऊन रावसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "भागीदारी खरी, की कागदावरची?"

"म्हणजे?"

"नफ्याचा वाटा तुमच्या हातात येणार, की नुसता तुमच्या नावापुढे लिहिणार?"

दुसऱ्या दिवशी मी दिरांना हे विचारलं. ते मनापासून हसले. "वहिनी, घरातल्या घरात हात कुठला नि नाव कुठलं!"

रावसाहेबांना मी हे जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "झालं. खोट्या भागीदाराचा नफा खोटा असतो. नुकसान मात्र खरं असतं. दुकानाचे घेणेकरी उद्या तुमच्याही दाराशी येतील, आणि तेव्हा मी कागदावरचीच होते, असं म्हणून चालणार नाही. शिवाय बाई, कर कमी करणं वेगळं आणि लपवणं वेगळं. पहिलं मी दहा प्रकारे सांगेन. दुसऱ्यासाठी माझ्याकडे येऊ नका."

मी दिरांना नाही म्हटलं. माझी जाऊ आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, आणि बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, "आता काय, आमच्यापेक्षा इन्कमट्याक्स जवळचा."

मग त्यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आम्ही बसलो. मुलगी सहा वर्षांची होती. अकराव्या वर्षी तिला पुण्याला शिकायला ठेवायचं, असं यजमान पहिल्यापासून म्हणत. रावसाहेबांनी पेन्सिलीने लिहिलं: एक हिस्सा, पाच वर्षांनी. त्याची पोस्टाची कॅश सर्टिफिकिटं घ्यायची. मुदत नेमकी पाच वर्षांची आणि व्याजावर कर नाही. दुसरा हिस्सा माझ्या म्हातारपणाचा. त्याचे सरकारी कर्जरोखे. त्यांच्या व्याजातून सरकार आधीच कर कापून घेतं, पण माझ्यासारख्या कमी उत्पन्नाच्या माणसाला अर्ज केला की तो परत मिळतो. तिसरा, लहान हिस्सा पोस्टाच्या बचत खात्यात, अडीअडचणीला.

"आणि शंभर रुपये उरले," मी म्हटलं.

"ते या वर्षी खर्च करायचे."

"कशावर?"

"ते मी कसं सांगू? तुम्हांला जे हवं असेल त्यावर. दरवर्षी थोडं खर्चासाठी वेगळं काढायचं आणि ते वर्षाच्या आत संपवायचं. हा माझा नियम आहे."

मी म्हटलं की मला एक संस्कृत कोश हवा आहे, दोन भागांचा, पण तो फार महाग आहे आणि आता त्याचा काही उपयोगही नाही. त्यांनी लिहिलं: कोश. पुढे मी मुलींच्या शाळेत शिकवू लागले. दर चैत्रात ते मला न चुकता विचारत, "गेल्या वर्षीचे खर्च झाले का?" झाले नसले तर चिडत. पैसे उडवणाऱ्यावर ते इतके चिडलेले मी कधी पाहिले नाहीत.

सर्टिफिकिटं घेतली त्याच दिवशी त्यांनी अंगणात आंब्याचं एक कलम लावलं. त्यामागचं कारण मला पुढे पोलादपूरला कळलं.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत सोनूबाई नावाची बाई राहत असे. तिचा नवरा मुंबईला गोदीत होता. त्याची मनिऑर्डर घ्यायला ती पोलादपूरच्या पोस्टात येई. रावसाहेब महिन्यातून एकदा तिथे जाऊन बसत आणि मनिऑर्डरी घ्यायला येणाऱ्या बायांना सर्टिफिकिटांची माहिती सांगत. पोस्टातल्या माणसाला ते आवडत नसे, पण रावसाहेबांपुढे बोलायची त्याची हिंमत नव्हती. सोनूबाईने पन्नास रुपयांचं एक सर्टिफिकीट घेतलं आणि तिथल्या तिथे विचारलं, "रावसाब, मला वाचता येत नाय. पाच वरसं भरली, ह्ये कळायचं कसं? पोस्टातला म्हनंल अजून नाय भरली, तं मी काय करू?"

यावर रावसाहेबांनी शोधलेला उपाय म्हणजे आंब्याचं कलम. सर्टिफिकीट घेणाऱ्या प्रत्येक बाईला ते एक कलम देत, स्वतः बांधलेलं. सांगत, "दोनतीन वर्षांत याला मोहोर येईल. तो खुडून टाकायचा. पुढल्या वर्षी येईल, तोही खुडायचा. पाचव्या वर्षी ठेवायचा. झाडाचा आंबा खाल्लास की पोस्टात यायचं." वर हसून म्हणत, "आणि आंब्याच्या उत्पन्नावर आमचं खातं कर लावत नाही. शेतीला हात लावायचा नाही, असा कायदाच आहे."

तिसऱ्या वर्षी माघात सोनूबाई महाडला आमच्या पडवीत येऊन बसली. चेहरा फुललेला.

"रावसाब, मोहोर आला. पैसं द्या."

"किती वर्षं झाली?"

"झाड मोहोरलं म्हंजे झाली."

रावसाहेबांनी छत्री घेतली. शाळेला सुट्टी होती आणि मी त्या बाजूला कधी गेले नव्हते, म्हणून मीही निघाले. पोलादपूरपर्यंत मोटारीने आणि पुढे दीड तास चढ. सोनूबाईच्या घरामागे कमरेएवढं कलम उभं होतं आणि शेंड्याला चार तुरे लवलेले होते. रावसाहेबांनी चाकू काढला आणि एकेक तुरा देठाशी कापून खाली टाकला. सोनूबाईने तोंडावर हात ठेवला.

"फुललेल्या झाडाला असं कापत नायत, रावसाब. पाप हाय ह्ये."

"आता फळ धरलं तर दोन आंबे खाशील आणि झाड एवढंच राहील. खुडलं तर त्याची ताकद खोडात जाईल. पैशाचंही तसंच आहे. आज मोडलंस तर व्याज नावाला मिळेल. एवढी घाई कशाची आहे?"

"दिराचं लगीन हाय."

"दीर काय करतो?"

"त्यो बी गोदीत."

"मग त्याने आपल्या पगारावर करावं."

सोनूबाई हसली. "ह्ये तुमीच सांगा माज्या सासूला."

आणि रावसाहेब खरंच सांगायला गेले. सासू ओट्यावर भात पाखडत होती. त्यांनी तिच्यासमोर उकिडवं बसून मुदत, व्याज, खोड, फळ असं सगळं समजावलं. म्हातारीचं सूप क्षणभरही थांबलं नाही. शेवटी ती म्हणाली, "तुमचं लगीन कुनाच्या पैशावर झालं वो?"

"वडिलांच्या."

"मंग?"

उठताना रावसाहेबांनी कोटातून पाच रुपये काढले आणि लग्नाचा आहेर म्हणून म्हातारीच्या सुपाशेजारी ठेवले. सर्टिफिकीट मोडलं नाही. उतारावर मला म्हणाले, "हे पाच मी या वर्षीच्या खर्चात धरणार आहे. माझे अजून संपले नव्हते."

कर परत मागण्याचा अर्ज मी पहिल्यांदा केला तेव्हा शाळेतल्या एका जुन्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "अगं, सरकारकडे मागायला गेलीस तर ते तुझं सगळं उकरून काढतील." मलाही भीती वाटली होती. अर्ज गेल्यावर महिनाभर दारावर थाप पडली की मी आधी खिडकीतून पाहत असे. शेवटी सहा रुपये आणि काही आणे आले. ते मी रावसाहेबांपुढे ठेवले तेव्हा त्यांनी ते दोनदा मोजले. म्हणाले, "कचेरीत असताना मी कितीतरी विधवांचा कर कापला जाताना पाहिला. परत मागायला दहांत एकसुद्धा येत नसे. मी खुर्चीवर बसून वाट पाहायचो, की कुणी तरी येईल." मला वाटतं, पेन्शन घेऊन ते गावी आले ते यासाठीच.

भीती फक्त बायकांची नव्हती. आयकराची नोटीस आली की ती न उघडता देव्हाऱ्यात, मूर्तीच्या मागे ठेवायची, अशी बाजारपेठेतली रीतच होती. उत्तर दिलं की आपण कबूल झालो, आणि नाही दिलं तर कधी ना कधी साहेब विसरेल, असा सगळ्यांचा विश्वास. काहीजण नोटिशीला हळदकुंकूही लावत. ही रीत मला माझ्या घरच्याच संकटात कळली.

आमच्या कलमाला पहिला मोहोर आला त्याच माघातली गोष्ट. त्या वर्षी भाताचे भाव पडले होते. दिरांच्या वखारीत गोण्या विकल्याविना पडून होत्या. एका दुपारी दीर आणि जाऊ दोघंही माझ्याकडे आले. जाऊ आधी कधी रडलेली मी पाहिली नव्हती. आयकराच्या कचेरीतून दंडासह सहाशे रुपयांच्या वर मागणी आली होती आणि मुदतीत भरले नाहीत तर जप्ती येणार होती.

"वहिनी, मागच्या वेळी तुम्ही नाही म्हणालात, मी काही बोललो नाही," दीर म्हणाले. "आता मी भागीदार व्हा म्हणत नाही. ती सर्टिफिकिटं मोडा. दोन वर्षांत परत करतो. आईची शपथ."

ते दोन वर्षांत परत करू शकणार नाहीत, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. तो पैसा म्हणजे मुलीचं पुणं होतं, दुसरं काही नव्हतं. पण तेरा दिवस माझ्या घरी राबलेला माणूस समोर मान खाली घालून बसला होता. मी उठले, पेटी उघडली, सर्टिफिकिटं बाहेर काढली, दिरांनी आणलेला मागणीचा कागद त्यांवर ठेवला आणि पडवीत आले. रावसाहेब अंगणात कलमाशी वाकले होते. पायाशी मोहोराचे तुरे पडलेले.

"सर्टिफिकिटं मोडायला किती वेळ लागतो?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या हातातल्या कागदांकडे पाहिलं. मला वाटलं, आता मला बोलतील. ते म्हणाले, "पोस्ट चारपर्यंत उघडं असतं. तासाभराचं काम आहे." आणि राहिलेला तुरा कापला. मग चाकू मिटून म्हणाले, "जायच्या आधी तुमच्या दिरांना एक विचारा. हा मागणीचा कागद दुसरा आहे. पहिली नोटीस कुठे आहे?"

दीर दारातच उभे होते. "कसली पहिली?"

"उत्पन्न कळवा म्हणून आलेली. ती पाळली नाही म्हणून साहेबाने अंदाजाने आकडा धरला. कुठे आहे?"

दीर माझ्या जावेकडे पाहू लागले. जाऊ म्हणाली, "देवाच्या मागे आहे." आणि जराशाने, "दोन आहेत."

रावसाहेबांनी कपाळाला हात लावला नाही की ते हसले नाहीत. मागणीच्या कागदावरची तारीख त्यांनी दोनदा वाचली. "महिन्याच्या आत अर्ज केला, आणि नोटीस का पाळली नाही याचं कारण पटलं, तर साहेबाला पुन्हा हिशेब करावा लागतो. अजून आठ दिवस आहेत. बाई, ती सर्टिफिकिटं आठ दिवस पेटीत ठेवा. अर्ज फेटाळला गेला तर मीच तुमच्याबरोबर पोस्टात येईन."

मग दिरांकडे वळून म्हणाले, "वह्या आणा."

दीर घुटमळले. "कुठल्या आणू?"

"साहेबाला दाखवायची एक असते आणि स्वतःला दाखवायची एक. स्वतःला दाखवायची आणा."

खरा हिशेब दाखवला तर अंदाजापेक्षा कर कमी बसतो, हे माझ्या दिरांना पटायला दोन दिवस लागले. ते पुन्हा पुन्हा म्हणत, "पण रावसाहेब, एकदा खरी दाखवली की दरवर्षी खरीच दाखवावी लागेल."

"हो. तो खर्च धरून चाला."

"तुम्ही आमच्या धंद्याचं वाटोळं कराल."

"ते भाताचे भाव करताहेत. मी फक्त बेरीज करतोय."

पडवीत दोन दिवस वह्या पसरलेल्या होत्या. गोणीचं भाडं, तोलाई, मचव्यातून माल नेण्याचा खर्च, उंदरांनी खाल्लेला माल, बुडालेली येणी, असं जे जे कायद्याने वजा होतं ते सगळं रावसाहेबांनी शोधून काढलं. त्यातलं निम्मं दिरांनी स्वतःच्या खोट्या वहीत कधी लिहिलंच नव्हतं, कारण वजा काय होतं हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं. नफा होता, पण साहेबाने धरला होता त्याच्या निम्म्याहूनही कमी. अर्जात रावसाहेबांनी कारण लिहिलं: नोटीस भीतीमुळे न उघडता देवघरात ठेवण्यात आली.

"असं लिहायचं?" दीर म्हणाले. "साहेब हसेल."

"हसू दे. हसलेला माणूस कागद शेवटपर्यंत वाचतो."

नेहमीप्रमाणे अर्ज एक रात्र त्यांच्या उशाशी राहिला. मग ते आणि दीर दोघं अलिबागेला आयकराच्या कचेरीत गेले. चार दिवस मी शाळेत जात होते आणि येत होते. घरी आल्यावर रोज पेटी उघडून सर्टिफिकिटं जागेवर आहेत ना, ते पाहत होते. पाचव्या दिवशी ते परत आले. साहेबाने कारण मान्य केलं होतं. नवा आकडा पुढे यायचा होता. तो आला तेव्हा दंड काढलेला होता आणि कर पावणेदोनशेच्या आत होता. दिरांनी तो दुकानातून भरला.

दिरांनी रावसाहेबांचे आभार कधी तोंडाने मानले नाहीत. तांदळाची एक गोणी पाठवली. रावसाहेबांनी भाव विचारून तिची किंमत पाठवली. दिरांनी ते पैसे परत पाठवले. ते पैसे आठ दिवस दोन घरांमध्ये येत जात होते. शेवटी जावेने ते माझ्या मुलीच्या हातात दिले आणि म्हणाली, "घे बाई तू. या दोघांना वेड लागलंय." त्यानंतर ती मला इन्कमट्याक्सवरून कधी बोलली नाही.

बऱ्याच दिवसांनी मी रावसाहेबांना विचारलं, "मी सर्टिफिकिटं घेऊन आले होते, तेव्हा तुम्ही मोडू नका का म्हणाला नाहीत?"

ते सुपारी कातरत होते.

"माझ्या बायकोचं माहेर हरिहरेश्वरकडचं," ते म्हणाले. "मुंबईला आमची एकच खोली होती, खिडकीतून समोरची भिंत दिसायची. ती म्हणायची, एकदा महिनाभर माहेरच्या समुद्रावर नेऊन ठेवा. मी म्हणायचो, सर्टिफिकिटांची मुदत भरली की जाऊ. खर्चाला पैसे तेव्हाच सुटे होणार होते. चौथ्या वर्षी ती गेली. पाचव्या वर्षी पैसे हातात आले, एक आणाही कमी नाही. मी एकटाच गेलो. दोन तास वाळूत बसलो आणि परत आलो."

सुपारी त्यांनी माझ्यापुढे केली. "कधी लागणार, हे मी तिला विचारलं नव्हतं. मुदत माझी होती. त्यामुळे मोडू नका असं मी कुणाला सांगत नाही. विचारतो, एवढंच."

पाचवं वर्ष भरलं तेव्हा मुलीला घेऊन मी आणि रावसाहेब पोस्टात गेलो. त्यांनी सर्टिफिकिटांवरच्या तारखा मुलीकडून मोठ्याने वाचून घेतल्या. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात सोनूबाई आंबे घेऊन आली होती. पंधरा होते. तिने पोस्टातून पैसे घेतले होते आणि त्याच दिवशी त्यातल्या बहुतेकांचं पुन्हा सर्टिफिकीट घेतलं होतं. उरलेल्यांतून सासूला लुगडं. "आता मला झाड नको," ती म्हणाली. "आता मला मोजता येतं. ज्या सालला लुगडं घेतलं त्या सालापासून पाच."

जून महिन्यात मुलगी पुण्याला गेली.

रावसाहेब मागच्या पौषात गेले. चार दिवस ताप होता. शेवटच्या दिवशी दुपारी त्यांनी मला विचारलं, "गेल्या वर्षीचे खर्च झाले का?" मी म्हटलं, झाले. ते खोटं होतं. नंतर मी त्या पैशांतून हरिहरेश्वरला जायची तिकिटं काढली, आणि मुलगी सुट्टीला आली तेव्हा आम्ही दोघी तिथे आठ दिवस राहून आलो.

घर त्यांच्या पुतण्याकडे गेलं. त्याने भाडं तेवढंच ठेवलं आहे. कोरे फॉर्म आणि पेनचाकू रावसाहेबांनी माझ्या नावाने ठेवले होते, कागदात गुंडाळून, वर पेन्सिलीने माझं नाव. शाईने लिहायचं राहून गेलं.

बाजारपेठेतले काही लोक आता नोटीस घेऊन माझ्याकडे येतात. काही नोटिशींवर अजून कुंकू असतं. मी तारीख पाहते आणि वह्या आणायला सांगते. माझे दीर दरवर्षी पहिल्या आठवड्यातच फॉर्म भरतात आणि दरवर्षी कुरकुरतात. मुलगी पुढल्या वर्षी मॅट्रिकला बसेल. रोखे पेटीत आहेत. चाकू कोशाच्या दुसऱ्या भागाशेजारी असतो. अंगणातल्या कलमाला या माघातही मोहोर आला आहे. तो मी झाडावर ठेवला आहे.